काळ्या मातीत अडीचशे किलो

पावसाळ्यात शेताच्या वाटेवर मोटरसायकल अडकते ती बहुतेक वेळा पुढच्या चाकामुळे. मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडवतं, ते चार माणसांना दिसतं, म्हणून दोष त्याला मिळतो. पण आधी पुढं काय झालं ते बघायला हवं. टायरला लागलेली काळी माती पुढच्या फेऱ्यात गळून पडत नाही. तिच्यावर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा, आणि शे-पन्नास पावलांत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली दोन बोटांची फट गच्च भरते. मग चाक फिरायचं थांबतं आणि नांगराच्या फाळासारखं जमिनीत रुतून ओढत जातं. जुलै-ऑगस्टमध्ये औसा, निलंगा, कंधार, मुखेड, कुठल्याही तालुक्याच्या शिवारात जा. स्प्लेंडर स्टँडवर, मालक उकिडवा बसलेला, हातात तुराटी, आणि मडगार्डखालची माती खरवडून काढणं चाललेलं. काही जण त्याच्याही पुढं जातात आणि मृग लागला की पुढचं मडगार्डच खोलून घरात ठेवून देतात. अंगावर चिखल उडतो, पण गाडी घरी पोचते.

मोठ्या ॲडव्हेंचर मोटरसायकलींच्या तोंडाला जी चोच असते, तिचं मूळ यातच आहे. मातीतल्या शर्यतीच्या गाड्यांना पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच बसवतात, म्हणजे चिखल अडकायला जागाच राहत नाही. मोठ्या टूरिंग गाड्यांनी ती चोच उचलली, पण बहुतेकींनी चाकाला लगटून असलेलं खालचं मडगार्डही ठेवलं, कारण महामार्गावर पावसाचं पाणी अंगावर उडायला नको. चोच शोभेला, काम खालच्या मडगार्डचं. काळ्या मातीत अशी गाडी स्प्लेंडरसारखीच अडकते. फक्त ती अडीचशे किलोची असते आणि तुराटीनं भागत नाही.

या गाड्या रस्ता सोडून किती चालतात, हा प्रश्न आता नांदेड-लातूरलाही विचारला जाऊ लागला आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड हा पट्टा सुधारला, तशी रविवारी सकाळी या रस्त्यावर पेट्या लावलेल्या उंच गाड्या दिसू लागल्या. कुणी माहूरला निघालेलं असतं, कुणी सहस्रकुंडाला, कुणी खरोशाची लेणी बघायला. गाडीच्या जाहिरातीत ती वाळवंटात उड्या मारते. मालकाला निदान पांदणीतून तरी जाऊन बघावंसं वाटतं. त्यात गैर काही नाही. मात्र उत्तर शोधताना मंडळी सीसी आणि अश्वशक्तीचे आकडे चाळतात, आणि ते उत्तर त्या आकड्यांत नाही. माती कोणती आणि महिना कोणता, हे आधी विचारावं लागतं.

आपली माती म्हणजे जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची राख-रांगोळी. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्यांचा बेसाल्ट झाला, आणि बेसाल्ट झिजून-कुजून ही बारीक कणांची चिकणमाती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण पापुद्र्या-पापुद्र्यांचे असतात आणि पाणी थेट दोन पापुद्र्यांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. रब्बीची ज्वारी या धरून ठेवलेल्या ओलीवरच येते. चाकाला मात्र हा गुण मानवत नाही. चाकाला पकड मिळते ती मातीचे कण एकमेकांवर घासून अडतात तेव्हा. फुगलेल्या चिकणमातीत कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, घर्षण जवळजवळ संपतं. वरून निसरडी आणि खालून चिकट, असे दोन्ही त्रास एकाच वेळी होतात.

पण नांदेड-लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडे काळीच माती आहे असं समजू नये. बालाघाटाच्या माथ्यावर, अहमदपूर-चाकूरकडच्या माळांवर मुरमाड बरड जमीन आहे. पाऊस पडून गेला की तासाभरात तिथून पाय न माखता चालता येतं. उदगीरहून बिदरच्या बाजूला सरकलं की जांभ्याचं तांबडं पठार लागतं. देगलूर-बिलोलीकडे तर बेसाल्टची गोधडीच संपते आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो: गोल गुळगुळीत धोंडे, रेताड जमीन, आणि मांजरेच्या पात्रातली वाळू. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल, डोंगरउतार, सुट्या दगडांच्या वाटा. म्हणजे एका टाकी पेट्रोलमध्ये चार-पाच तऱ्हेची जमीन पायाखालून जाते. गाडी पारखायला यापेक्षा सोयीचा मुलूख महाराष्ट्रात क्वचित असेल, आणि इथल्या कुणी त्याचं फार कौतुक केलेलं मी ऐकलं नाही.

मुरमावर, खडीवर, उखडलेल्या डांबरी रस्त्यावर मोठी गाडी खरोखर उत्तम चालते, हे आधीच कबूल करून टाकू. वाळूच्या हायवा गाड्यांनी चाळण केलेला बिलोलीकडचा एखादा रस्ता घ्या. लहान गाडीवर तिथं तीस-चाळीसच्या पुढं गेलं की मणका बोलायला लागतो. मोठ्या गाडीचे शॉकॉप वीस सेंटीमीटरच्या आसपास खाली-वर होतात; स्प्लेंडरचे त्याच्या निम्म्याच्या आगेमागे. त्यातही नुसती लांबी कामाची नसते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग परत किती वेगानं उसळू द्यायची, हे आतल्या तेलाच्या वाटा ठरवतात, आणि महागड्या गाडीत पैसा गेलेला असतो तो तिथं. चाक खड्ड्यातून बाहेर येऊन लगेच पुन्हा जमिनीला टेकतं. टेकलेलं चाकच वळू शकतं आणि थांबू शकतं. शिवाय इथं वजनही बाजूनं उभं राहतं: चाक आणि ॲक्सलच्या वजनापेक्षा वरची गाडी जितकी जड, तितके चाकाचे धक्के तिला कमी हलवतात. दोनशे किलोमीटर वाईट रस्ता तोडून संध्याकाळी ताज्या अंगानं उतरायचं असेल तर या गाड्यांना तोड नाही.

चाकाच्या आकाराबद्दल मात्र थोडी अतिशयोक्ती चालते. पुढचं चाक 21 इंची असलं की दगड सहज चढतं, 19 इंची असलं की अडतं, असं छातीठोक सांगितलं जातं. मोजून बघावं. 90/90-21 मापाच्या टायरची त्रिज्या सुमारे 35 सेंटीमीटर भरते, 120/70-19 ची सुमारे साडेबत्तीस. फरक दोन-अडीच सेंटीमीटरचा. दहा सेंटीमीटर उंचीचा धोंडा चढताना दोन चाकांच्या कोनात जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो. 21 इंची चाकाचा खरा फायदा दुसरीकडे आहे. त्याचा टायर अरुंद असतो, त्यामुळे पातळ चिखलाचा थर कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो, आणि ठोकळेवजा नक्षीचे अस्सल मातीचे टायर या मापात जास्त मिळतात. तारांची रिम जोराचा धोंडा बसला तर वाकते, अलॉयची तडकते. वाकलेली ठोकून घेता येते.

आता मोठ्या गाड्यांचा वंश. 1978 च्या डिसेंबरात पॅरिसहून डाकारला जाणारी शर्यत पहिल्यांदा निघाली आणि ती मोटरसायकलवाल्यांत जिंकली सिरिल नव्हूनं, यामाहाच्या एक्सटी 500 वर, म्हणजे एका सिलिंडरच्या साध्या गाडीवर. 1980 मध्ये बीएमडब्ल्यूनं आर 80 जी/एस आणली: 797 सीसी, 50 अश्वशक्ती, दोन सिलिंडर दोन बाजूंना. 1981 मध्ये ह्युबेर ओरिओलनं त्या घराण्याच्या गाडीवर डाकार जिंकली, 1983 मध्ये पुन्हा. पुढची दोन वर्षं गास्तों राइए. मग होंडाची एनएक्सआर 750 आली आणि तिनं 1986 ते 1989 सलग चार वेळा बाजी मारली. तिची दुकानात मिळणारी धाकटी बहीण म्हणजे 1988 ची आफ्रिका ट्विन. आजच्या सगळ्या मोठ्या ॲडव्हेंचर गाड्या या दहा वर्षांच्या पुण्याईवर जगतात. 2004 मध्ये ईवान मॅग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते बीएमडब्ल्यूच्या 1150 जीएस ॲडव्हेंचरवर लंडनहून न्यूयॉर्कला निघाले, त्याची दूरचित्रवाणी मालिका झाली, आणि ती पुण्याई दामदुप्पट झाली.

जाहिरातीत पुढचा भाग नसतो. वेग आणि धोका फार वाढला म्हणून डाकारच्या नियमांनी मोठी इंजिनं टप्प्याटप्प्यानं बाजूला केली आणि 2011 पासून सगळ्याच मोटरसायकलींना 450 सीसीची मर्यादा घातली. आज तिथं धावतात त्या एका सिलिंडरच्या हलक्या गाड्या. हीरोच्या गाडीवर रॉस ब्रँच 2024 मध्ये दुसरा आला तो अशाच गाडीवर, आणि त्याच वर्षी केरळच्या हरिथ नोआनं रॅली-2 हा गट जिंकला तोही. ज्या आफ्रिकेच्या वाळवंटावरून होंडानं गाडीला नाव दिलं, तिथला माणूस रोजच्या मातीच्या रस्त्यावर काय चालवतो? युगांडा-केनियातली बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी, मोठ्या प्रमाणावर बजाज बॉक्सर असते. मराठवाड्यात वाळूजला ज्यांचा कारखाना आहे, त्याच बजाजची. दोन-तीन माणसं, केळ्यांचे घड, पाण्याचे कॅन घेऊन ती चिखलातून जाते. नांदेडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

वजनाचा हिशोब करू, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. बीएमडब्ल्यूची आर 1300 जीएस टाकी भरून 237 किलोची. 2024 मध्ये ती भारतात 20.95 लाखांना आली, एक्स-शोरूम. तिच्यावर पंचाहत्तर किलोचा स्वार आणि तीसेक किलोचं सामान: साडेतीनशेच्या घरात. स्प्लेंडर 112 किलोची. तिच्यावर नवरा-बायको आणि मधे डीएपीची पन्नास किलोची गोणी: तीनशेच्या जवळ. म्हणजे दोन्ही गाड्या जमिनीवर टाकतात तो भार फार वेगळा नाही! मग पांदणीच्या चिखलातून एक पार होते आणि दुसरी का बसते?

कारण स्प्लेंडरचं ओझं उतरवता येतं. चिखल दिसला की मागची मालकीण उतरून बांधाकडेनं चालायला लागते. गोणी उतरवून ठेवतात, नाहीतर खांद्यावर जाते. उरते 112 किलोची गाडी. ती एक जण पहिल्या गिअरात बाजूला चालत ढकलतो, दुसरा मागून कॅरिअरला धरून उचलतो, आणि ओढ्यापलीकडे गेल्यावर सगळे पुन्हा चढतात. जीएसवरून स्वार उतरला तरी 237 किलो उरतात, आणि ते उचलायला मागं धरायला जागा नसते. गाडी अडकली तर पुढं काय, या प्रश्नात ऑफ-रोडचं निम्मं गणित आहे. परदेशी पुस्तकांत पडलेली मोठी गाडी एकट्यानं उचलायची युक्ती सांगतात: गाडीकडे पाठ करायची, सीटला ढुंगण टेकवायचं, हँडल पुरतं वळवून धरायचं, आणि पाठ सरळ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागं मागं चालायचं. काँक्रीटवर हे जमतं. काळ्या चिखलात आधी बुटाची टाच घसरते.

भाराचा दुसरा हिशोब टायरच्या हवेचा. टायर जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला किती दाब टाकतो, तर ढोबळमानानं आत हवेचा जितका दाब आहे तितका. वजन वाढलं की टायर जास्त पसरतो, दाब तोच राहतो. पण जड गाडीला रस्त्यावर हवा जास्त लागते: मोठ्या जीएसला पुढं 36, मागं 42 पीएसआय. म्हणजे मऊ जमिनीत ती जास्त जोरानं घुसते. म्हणून मातीत उतरताना हवा पंचविशीच्या आसपास आणतात. टायर चपटा होतो, पाऊल रुंदावतं. वाळूत यानं फारच फरक पडतो. मात्र त्याच हवेवर कंधारकडच्या धोंड्यांत वेगानं गेलं तर रिमला पोचा ठरलेला. आणि पुन्हा डांबरावर आल्यावर हवा भरायला पंप जवळ हवा, कारण कमी हवेचा टायर महामार्गाच्या वेगात तापतो.

ताकदीचंही असंच. जीएसचा टॉर्क 149 न्यूटन-मीटर, स्प्लेंडरचा आठ. कोरड्या चढावर हा फरक डोळे दिपवतो. ओल्या काळ्या मातीत चाक आठ न्यूटन-मीटरलाच घसरायला लागलेलं असतं, तिथं उरलेल्या एकशे एक्केचाळीसांचं करायचं काय? ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवला तर तो घसरण ओळखून इंजिनाचा गळा आवळत राहतो आणि गाडी जागेवर मरते. बंद केला तर चाक खड्डा खणतं. इलेक्ट्रॉनिक्सची बढाई मारणाऱ्यांनी निदान एक पावसाळा इथं काढावा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र बटणाला अर्थ आहे. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही, डांबरावर ते जीव वाचवतं. सुट्या मुरमावर लॉक झालेलं चाक आपल्यासमोर मातीचा ढीग जमवतं आणि तो ढीगच गाडी थांबवतो. एबीएस तो ढीग जमू देत नाही, थांबायचं अंतर वाढतं. म्हणून या गाड्यांत, हिमालयनसारख्या मधल्या गाडीतसुद्धा, मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असते. पुढचं चालूच ठेवावं. पुढचं चाक लॉक झालं की विचार करायला वेळ मिळत नाही.

उभं राहून चालवण्याविषयी एक गैरसमज सर्रास ऐकू येतो: फुटरेस्टवर उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली येतो. स्वाराचं अंग सीटवरून वर जातं, मग मध्य खाली कसा येईल? तो वरच जातो. फायदा वेगळाच आहे. बसलेला स्वार सीटला जखडलेला असतो, गाडी डुलली की तोही डुलतो. उभा राहिला की गुडघे मोकळे होतात, गाडी खाली डुलते-उसळते आणि वरचं धड आपल्या रेषेत जात राहतं. शिवाय एका फुटरेस्टवर जोर देऊन गाडी झुकवता येते, हँडल न पिळता. वाळूत आणि फुफाट्यात हे कळीचं, कारण तिथं पुढचं चाक आपल्या मर्जीनं इकडेतिकडे जातं आणि हँडल घट्ट आवळणारा हमखास पडतो. हात सैल, नजर लांब, थ्रॉटल हलकं उघडं. आणि गाडीचं हँडल उभ्या माणसाच्या हाताला येईल एवढं उंच हवं. साडेपाच फुटी माणसाला जीएसची 850 मिलीमीटर उंचीची सीट सपाट रस्त्यावर पायाची टोकं टेकवून चालते. चाकोरीत गाडी कलली आणि ज्या बाजूला कलली त्या बाजूला जमीन आणखी वीतभर खाली असली, की पाय टेकतच नाही.

फुफाटा हा उन्हाळ्यातला प्रकार. बैलगाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी दळून दळून काळ्या मातीचं पीठ होतं, घोट्याएवढं खोल, आणि खालचे दगड त्यात दिसत नाहीत. डाकारच्या स्वारांना ज्याची धास्ती असते ते फेश-फेश याच जातीचं. एप्रिल-मे महिन्यात पांदणीतून निघालेली मोठी गाडी मागं धुळीचा लोट सोडत जाते तेव्हा रुबाबदार दिसते खरी, पण तेवढीच धूळ ती स्वतःच्या एअर फिल्टरमध्येही घेत असते. फिल्टर साफ करायला स्प्लेंडरचा दोन स्क्रूंचा मामला. बऱ्याच मोठ्या गाड्यांत टाकी नाहीतर प्लॅस्टिकचे पॅनेल उतरवावे लागतात.

चाकोऱ्यांचा हंगाम वेगळा. लातूर म्हटलं की ऊस आला, मांजरा साखर कारखान्याचा आणि त्याच्या पाठच्या कारखान्यांचा मोसम आला, आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आले. ओल्या वाटेवर ते खोल चाकोऱ्या पाडतात, मग त्या वाळून दगड होतात. अरुंद गाडी चाकोरीच्या आत गुपचूप चालते. मोठ्या गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या, क्रॅश गार्ड, आणि बॉक्सर इंजिन असेल तर दोन्हीकडे निघालेले सिलिंडर चाकोरीच्या कडांना घासतात. पेट्या घरी ठेवून जावं हे उत्तम. नाहीतर पाय खाली टेकवलेला असताना गाडी पुढं सरकली तर पिंढरी पेटीखाली सापडते, आणि त्यानं हाड मोडलेले लोक जगभर आहेत. कापडी पिशव्या निदान दबतात.

आणि काटे. पांदणीच्या दोन्ही कडांना बाभळ आणि वेडी बाभळ, तिच्या छाटलेल्या फांद्या कुंपणाला लावलेल्या, त्यातल्या अर्ध्या वाटेवर. ट्यूबलेस टायरात काटा गेला तर हवा हळूहळू जाते, प्लग मारून घरी येता येतं. ट्यूबच्या टायरात ती झटक्यात जाते, पण ट्यूब कुठल्याही फाट्यावरचा पंक्चरवाला जोडून देतो, आणि नवी ट्यूब तालुक्याला मिळते. निदान लहान गाडीची. जीएसच्या मापाचा टायर फाटला तर हैदराबाद नाहीतर पुण्याला फोन.

मग मातीत जायची हौस असलेल्या माणसानं घ्यावं काय? माझं मत सरळ आहे: रस्ता वाईट असेल तिथं मोठी गाडी, रस्ताच नसेल तिथं हलकी. 2019 मध्ये आलेली हीरोची एक्सपल्स 200 एकशे साठ किलोच्या आतली, 21 आणि 18 इंची चाकांची, जमिनीपासून 220 मिलीमीटर उंच. पांदण, ओढा, माळ, सगळीकडे तिच्यावर विश्वास टाकता येतो. महामार्गावर नव्वदीच्या पुढं ती धापा टाकते. 2023 च्या अखेरीस आलेली हिमालयन 450 मधली वाट: 452 सीसी, 40 अश्वशक्ती, पुढं-मागं 200 मिलीमीटरचे शॉकॉप, 196 किलो. पडली तर दोघांनी उचलता येते, एकट्यानं दमछाक होऊन. चाकणला बनणारी केटीएम 390 ॲडव्हेंचर एकशे ऐंशीच्या आसपास, पण तिचा स्वभाव तापट. चिखलात शांत, खालच्या फेऱ्यांवर चालणारं इंजिन बरं. लातूर-नांदेडच्या माणसाला एकच गाडी ठेवायची असेल तर याच वजनगटात शोधावं. दोन परवडत असतील तर दुसरी जुनी एक्सपल्स घ्यावी आणि मोठी महामार्गाला ठेवावी. जगभरचे अनुभवी स्वारही शेवटी तेच करतात.

दोन ठिकाणी कुठलीच गाडी घालू नये. एक, पाणी वाहत असलेला फरशी पूल. गाडी जड आहे म्हणून टिकेल हा हिशोब चुकीचा. वाहतं पाणी चाकांच्या, पेट्यांच्या, पायांच्या बाजूवर ढकलतं, आणि मोठ्या गाडीची ती बाजू मोठी. फरशीचा कठडा नसतो, आणि पुरात तिचा मधला भाग वाहून गेलेला वरून दिसत नाही. दुसरं, पैनगंगेचं अभयारण्य. किनवटच्या बाजूनं झाडी सुंदर दिसते, वाटाही दिसतात, पण परवानगीशिवाय आत शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

बाकी मुलूख मोकळा आहे, आणि पांदणी हळूहळू बदलतही आहेत. राज्य सरकारनं 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. जिथं काम झालं तिथं काळ्या मातीवर मुरूम-खडी दबून बसली आणि मोठ्या गाडीलाही बाराही महिने जाता येईल अशी वाट झाली. जिथं झालं नाही तिथं शेतकऱ्याचंच पंचांग धरावं: वापसा. पाऊस थांबून जमिनीतलं जादा पाणी निचरलं, माती हातात घेऊन मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोटानं ढकलली तर फुटते, हाताला चिकटत नाही, ती अवस्था. तेव्हा चाकाला मातीची पकड वर्षभरातली सगळ्यात चांगली मिळते. धूळ नाही, चिखल नाही, वरचा थर दबतो पण रुतत नाही. दिवाळीनंतरच्या सकाळी, दव सुकल्यावर, हे हमखास भेटतं.

अडचण एकच. वापसा आला की अख्खं गाव शेतात असतं. त्याच पांदणीतून पेरणी यंत्र लावलेला ट्रॅक्टर येतो, बैलगाडी येते, कडब्याचा टेम्पो येतो, आणि त्यांनी माघार घ्यायचं काही कारण नाही. शेजारच्या रानात चाक घालून वाट देऊ नये. ओलसर मातीवरून जड चाक गेलं की ती दबून घट्ट होते आणि त्या पट्ट्यात हरभरा नीट उगवत नाही, बांधावरून मालक जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा मागंच यायचं, मागच्या रुंद जागेपर्यंत. आणि वीस लाखांच्या जीएसला रिव्हर्स गिअर नसतो.